आईने वाचलेलं बिल

अण्णांच्या छातीत कळ आली ती ११ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे. नोटाबंदी होऊन अडीच दिवस झाले होते आणि घरात होती नव्हती ती सगळी रोकड पाचशेच्या नोटांत होती. आईने त्यांची नाडी बघितली, कपाळावरचा घाम पदराने टिपला, ॲस्पिरिनची गोळी चावून खायला लावली आणि मला म्हणाली, "गाडी काढ. सिव्हिलला नको. तिथं ईसीजी निघेल आणि पुढं पाठवतील, त्यात तास जाईल. थेट शहरात जाऊ."

आई त्या सिव्हिलमध्ये ३१ वर्षं सिस्टर होती. माझं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. आमची गाडी त्या फाटकावरून न थांबता पुढे गेली तेव्हा आईने मान वर केली नाही, अण्णांच्या मनगटावरची तिची बोटं हलली नाहीत. आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तेव्हा कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या बंद नसा नळी घालून उघडायची खोली, नव्हती. बहुतेक जिल्ह्यांत नव्हती. आम्ही खासगी हॉस्पिटल 'निवडलं' असं नंतर नातेवाईक म्हणाले. निवडायला दुसरं काही नव्हतंच.

शहरातल्या हॉस्पिटलने काउंटरवर ७५ हजार डिपॉझिट सांगितलं. जुन्या नोटा घेतल्या जाणार नाहीत, असा कागद काचेला आतून चिकटवलेला. त्या दिवसांत जुन्या नोटा घ्यायची सवलत सरकारी रुग्णालयांना होती, खासगीला नव्हती. तेव्हा काउंटरवरच्या मुलीचा त्यात काही दोष नव्हता. माझ्याकडे क्रेडिट कार्ड होतं म्हणून आम्ही आत गेलो. आमच्या मागे एक शेतकरी कुटुंब उभं होतं. त्यातल्या म्हाताऱ्या बाईच्या हातात रुमालात बांधलेलं नोटांचं पुडकं होतं. त्यांचं पुढे काय झालं ते बघायला मी थांबले नाही, आणि ते पुडकं अजून माझ्या डोळ्यांसमोरून गेलेलं नाही.

अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले. "हृदयाची मुख्य नस नव्वद टक्के बंद आहे, स्टेंट टाकावा लागेल, नस उघडी ठेवणारी बारीक जाळी असते ती. तीन रेंजमध्ये आहेत. कुठला टाकू?" अण्णा आत टेबलावर, मनगटातून नळी गेलेली. मी मधला म्हणाले. मधला का, ते मला सांगता आलं नसतं. बाजारात टोमॅटो घेताना मी निदान एकदा दाबून बघते.

डॉक्टर चांगले होते, हे इथेच लिहून ठेवते. त्यांच्या हाताला यश होतं, बोलण्यात घाई नव्हती, आणि अण्णा आज ७९ वर्षांचे आहेत, रोज संध्याकाळी एसटी स्टँडपर्यंत फिरून येतात. ते एसटीत मेकॅनिक होते. स्टँडचं वेड अजून गेलेलं नाही. त्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही. मला बोलायचंय ते बिलाबद्दल.

बिल अकरा पानांचं होतं. डिस्चार्जच्या दुपारी आईने चष्मा लावला, माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि एकेक ओळ वाचायला बसली. वॉर्डचं इंडेंट बुक, म्हणजे स्टोअरकडून सामान मागवायची वही, तिने आयुष्यभर भरलेलं. कापूस किती, गॉज किती, सुया किती, कुठला बॉक्स कुठल्या महिन्यात संपतो, हे तिला पाठ. ती अधूनमधून थांबून एखाद्या ओळीखाली रेघ मारायची. सिव्हिलच्या स्टोअरमध्ये जी सलाईनची नळी मोजक्या रुपयांना यायची, तिच्यापुढे इथे शंभराच्या वर आकडा. कॅन्युलाचं तेच, हातमोज्यांचं तेच. कंपन्या वेगळ्या असतील, पण आईच्या मते वस्तू तीच होती. "छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त लावलेला नाही," ती शेवटी म्हणाली. "सगळं एमआरपीनेच आहे." आणि पेन्सिल खाली ठेवली. स्टेंटच्या ओळीसमोर १ लाख १८ हजार होते. तिथे तिने रेघ मारली नव्हती, कारण ती वस्तू तिच्या इंडेंट बुकात कधी आलीच नव्हती.

तीन महिन्यांनी, १३ फेब्रुवारी २०१७ ला, केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमती ठरवून दिल्या. औषधाचा थर असलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६०. त्यामागे बिरेंदर सांगवान नावाच्या दिल्लीच्या वकिलांनी केलेली जनहित याचिका होती. औषधाच्या थराचा स्टेंट तोवर सरासरी १ लाख २१ हजारांना विकला जात होता, आणि या साखळीत हॉस्पिटलांचा नफा काही ठिकाणी ६५४ टक्क्यांपर्यंत गेला होता, असं प्राधिकरणाच्याच आकडेवारीत निघालं. आईने पेपरातली ती बातमी कापली, अण्णांची फाईल काढली आणि बिलाच्या सातव्या पानाला टाचून ठेवली. काही बोलली नाही.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. अकरावी-बारावीला पूर्ण स्पर्धेचा पाठ असतो: ग्राहक पुष्कळ, विक्रेते पुष्कळ, वस्तू एकजिनसी, बाजारात यायला-जायला मोकळीक, आणि सगळ्यांना बाजाराचं पूर्ण ज्ञान. मुलं ही लक्षणं पाठ करतात, मीही वर्षानुवर्षं त्यांवर बरोबरच्या खुणा करत आले. त्या फेब्रुवारीत मी ते कात्रण वर्गात नेलं आणि विचारलं, स्टेंटच्या कंपन्या देशात ढीगभर होत्या, परदेशी होत्या, देशी होत्या. चढाओढ लागली की भाव उतरतो असं आपण शिकलो. मग हा का उतरला नाही? मागच्या बाकावरची एक मुलगी, वडिलांचं मेडिकलचं दुकान असलेली, म्हणाली, "मॅडम, कंपनी ज्याला विकते तो वेगळा आणि पैसे देतो तो वेगळा."

मला जे सांगायला तास लागला असता ते तिने एका वाक्यात सांगितलं. स्टेंट विकत घेतं हॉस्पिटल, पैसे मोजतो पेशंट. कंपनीला हॉस्पिटल जिंकायचं असतं. हॉस्पिटलला जितकी जास्त छापील किंमत, तितकं घेतलेल्या आणि विकलेल्या भावातलं अंतर मोठं. म्हणून कंपन्या एकमेकींशी झुंजतात ती किंमत वर छापण्यासाठी. २०१८ च्या फेब्रुवारीत याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली; औषधं आणि किरकोळ साहित्यावरचा नफा काही वस्तूंमध्ये १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. आणि बहुतेक सगळं एमआरपीच्या आत. आईने पेन्सिल खाली ठेवली होती ती याच जागी. छापील किमतीचा कायदा ग्राहकाच्या रक्षणासाठी आणलेला. इथे तो किंमत फुगवणाऱ्यांची ढाल झाला.

आरोग्यसेवेत स्पर्धा नाही, असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही. तिथे भयंकर स्पर्धा आहे. फक्त ती आपल्यासाठी चाललेली नाही.

केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच वैद्यकीय सेवेच्या बाजारावर एक निबंध लिहून ठेवला होता. आजार कधी येईल ठाऊक नसतं, उपचाराने गुण येईल की नाही ठाऊक नसतं, आणि उपचार विकणाऱ्याला जे कळतं त्याच्या पासंगालाही घेणाऱ्याचं ज्ञान पुरत नाही, असा त्याचा रोख. म्हणून हा बाजार विश्वासावर चालतो, आणि विश्वास जपायला बाजाराबाहेरच्या गोष्टी लागतात. एम.ए.ला मी हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. मला ते समजलं कॅथलॅबच्या दाराशी, "तीन रेंजमध्ये आहेत" हे ऐकताना.

आईची बरीचशी नोकरी लेबर रूममध्ये झाली. रात्रपाळीहून ती सकाळी आठला यायची, अंगाला सॅव्हलॉनचा वास, आणि चहा पिताना रात्रीचं सांगायची. पहिलटकरीण होती, सात तास कळा दिल्या, डोकं वर होतं, मॅडम दोनदा बघून गेल्या, थांबू म्हणाल्या, पाचला मोकळी झाली. 'मोकळी झाली' हा शब्द तिच्या तोंडून मी इतका ऐकलाय की बाळंतपण म्हणजे कोणीतरी रात्रभर शेजारी बसणं, असंच मला लहानपणी वाटायचं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के बाळंतपणांत सिझेरियन झालं होतं, सरकारीत १४.३ टक्के. मी हे आकडे आईला वाचून दाखवले. मला वाटलं होतं ती खासगीवाल्यांवर चिडेल. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, सात तास बसायचं म्हणजे सात तासांचा सिस्टरचा पगार, डॉक्टरचा वेळ, अडलेली खाट. त्याची पावती कशी फाडणार? चाळीस मिनिटांच्या ऑपरेशनची फाडता येते." आणि थोड्या वेळाने, "बाळंतपणाला घड्याळ लावलं की पोट उघडतंच."

तिने आणखी एक गोष्ट सांगितली ती मी विसरू इच्छित नाही. सरकारीतला आकडा कमी आहे म्हणून तिथे सगळं बरोबर चाललंय असं समजू नकोस, ती म्हणाली. भूल देणारे डॉक्टर नसले की ज्या बाईला खरंच सिझर लागतं तिलाही रात्री दोनला गाडीत घालून पुढे पाठवावं लागतं. तशा गाड्या तिने स्वतः रवाना केल्या होत्या. एकीकडे नको तिचं पोट उघडतं, दुसरीकडे हवं तिला टेबल मिळत नाही. दोन्ही बायका याच जिल्ह्यातल्या.

माझा एक शाळासोबती सर्जन आहे. २००८ मध्ये त्याने गावात बारा खाटांचं हॉस्पिटल काढलं. कर्ज काढून, वडिलांची जमीन तारण ठेवून. उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो होतो. पहिल्या सहा महिन्यांत त्याच्या लक्षात आलं की पेशंट आपोआप येत नाहीत, पाठवले जातात. गावोगावचे डॉक्टर पाठवतात, आणि पाठवणाऱ्याला पाकीट लागतं. कट म्हणतात त्याला, डॉक्टर लोक आपापसात. पाकीट द्यायचं तर ते पेशंटच्याच बिलातून काढावं लागतं. याने दिलं नाही. त्याच्या खाटा रिकाम्या राहू लागल्या. दोन गल्ल्या पलीकडे, त्याच्याइतकाही हात नसलेल्या माणसाकडे रांग. मग शहरातली मोठी हॉस्पिटलं आली, त्यांचे पीआरओ, म्हणजे डॉक्टरांकडून पेशंट मिळवणारी माणसं, मोटरसायकलवरून तालुक्याला फिरू लागले, आणि पाकिटांची किंमत आणखी वाढली. २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्यासाठी माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, मसुदा झाला, लोकांकडून सूचना मागवल्या. माझ्या मित्राने रात्र जागून चार पानी सूचना पाठवल्या होत्या. मसुद्याचा कायदा होण्याची वाट त्याने दोन वर्षं पाहिली. २०१९ मध्ये त्याने खाटा बंद केल्या. आता तो सकाळची ओपीडी बघतो आणि ऑपरेशनला इतरांच्या हॉस्पिटलांत जातो.

"आलेल्या दहा पोटदुख्यांत सहांना मी सांगतो, काही करू नका, आठ दिवस बघू," तो मला एकदा म्हणाला. "हे सांगायला मला पंधरा वर्षांचं शिक्षण लागलं. आणि ऑपरेशन नको असं सांगण्याचे पैसे कोणीच देत नाही गं."

स्पर्धेत सगळ्यात आधी कोण हरतं, याचं उत्तर मला त्याच्या बंद वॉर्डात मिळालं. मशीनचे हप्ते ज्याच्या डोक्यावर आहेत त्याला मशीन चालवावंच लागतं. खासगी मेडिकल कॉलेजची फी भरून जो बाहेर पडला त्याला ती कुठून तरी वसूल करावी लागते. यातले सगळे लोभी नसतात. बरेचसे माझ्या मित्रासारखेच सुरुवात करतात, फक्त त्याच्याइतके दिवस तग धरत नाहीत.

आई सांगते ते सिव्हिल वेगळं होतं. ती १९८४ ला लागली तेव्हा गावातले नावाजलेले सर्जन, डोळ्यांचे डॉक्टर, सकाळी दोन-तीन तास तिथे मानद म्हणून यायचे. संध्याकाळी स्वतःचा दवाखाना. त्यामुळे त्यांच्या दवाखान्यातल्या पेशंटला ठाऊक असायचं की हेच डॉक्टर सकाळी सिव्हिलला भेटतील. फी सांगताना डॉक्टरांनाही ते ठाऊक असायचं. माणूस म्हणू शकत होता, "एवढं जमणार नाही, उद्या सिव्हिलला येतो." हे वाक्य उच्चारता येणं म्हणजे काय ते मला आता कळतं. बारावीच्या पुस्तकातली सगळी लक्षणं बाजूला ठेवली तरी, ज्याला दुसरीकडे जाता येतं त्याच्याशी कोणीही जपून वागतं. खासगी दवाखान्यांची खरी स्पर्धा एकमेकांशी कधीच नव्हती. ती त्या दगडी इमारतीशी होती. तिच्यामुळे गावातले दर जमिनीवर राहायचे.

आणि सरकारी म्हणजे दुय्यम, हेही तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हतं. १६ फेब्रुवारी १९६८ ला डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं ते परळच्या केईएममध्ये, महापालिकेच्या रुग्णालयात. डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ऑगस्ट १९८६ मध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली तीही तिथेच. सगळ्यात अवघड काम कुठे होतं, या प्रश्नाचं उत्तर मुंबईत केईएम, जेजे असं होतं आणि पुण्यात ससून.

मग काय झालं? कोणी एका दिवशी सिव्हिल बंद पाडलं नाही. मानद डॉक्टर येईनासे झाले. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. औषध संपलं की बाहेरची चिठ्ठी सुरू झाली; फाटकासमोर मेडिकलची दुकानं एका रांगेत उभी राहिली, आणि आई म्हणते तसं, त्या दुकानांची लांबी वाढत गेली तसं आतलं स्टोअर रिकामं होत गेलं. आमच्यासारखी माणसंही याच काळात निघून गेली. मास्तर, बँकवाले, तलाठी, वकील, आणि हो, सिव्हिलच्या सिस्टरचीही माणसं. मेडिक्लेम आला, मोठी हॉस्पिटलं आली. आम्ही जाताना फक्त आमची दुखणी नेली नाहीत. नळाला पाणी नाही म्हणून सिव्हिल सर्जनच्या केबिनमध्ये जाऊन जाब विचारणारा आवाजही घेऊन गेलो. मागे राहिले ते ज्यांना केबिनच्या दाराशी चप्पल काढावी लागते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ठाण्यात कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. दीड महिन्याने नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४, त्यांत १२ नवजात बाळं. टीव्हीवर औषधांच्या तुटवड्याची चर्चा चालली होती. आईने आवाज बंद केला. "नाईटला सिस्टर किती होत्या?" तिने विचारलं. "बाळं किती, वॉर्मर किती, सिस्टर किती, हे कोणी सांगेना." दूरदूरच्या खासगी दवाखान्यांतून अगदी शेवटच्या क्षणी सरकारीत पाठवलेले रुग्ण त्यांत होते, असंही बातम्यांत आलं. ते आईला नवीन नव्हतं. पैसे संपले की गाडी सिव्हिलकडे वळते, आणि मृत्यूची नोंद तिथे होते. कुठल्या हॉस्पिटलात किती माणसं मेली, याची तुलना करणाऱ्यांनी माणूस आधी कुठे होता, तेही विचारावं.

त्याच ऑगस्टच्या १५ तारखेपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सगळे उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसे बंद. चांगलं झालं, मनापासून चांगलं झालं. पण मोफत काउंटरमागे डॉक्टरची खुर्ची भरलेली हवी.

सरकारने दुसरीकडून वाट काढली ती योजनांची. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पुढे ती महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. दीड लाखाचं संरक्षण आता पाच लाखांपर्यंत गेलंय आणि सगळ्या कुटुंबांना लागू आहे. 'योजनेत बसतं का?' हा प्रश्न आज खेड्यातल्या प्रत्येक आजारी माणसाच्या घरी विचारला जातो. माझ्या कॉलेजातल्या शिपायाच्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन या योजनेत झालं, एक पैसा न भरता. मी या योजनेला नावं ठेवणार नाही. पण मला काळजी वाटते. सरकारचा पैसा ऑपरेशनमागे खासगीकडे जातो तेव्हा ऑपरेशनं होतात. साधा ताप, साखर, रक्तदाब, ज्यातून पुढे ऑपरेशनं उद्भवतात, ते योजनेत बसत नाहीत. आणि जो पैसा एकदा बिलात गेला त्यातून जिल्ह्यात काही उभं राहत नाही. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधल्या ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, ही सरकारी हिशेबातली आनंदाची गोष्ट आहे. त्याच वर्षी सरकारचा एकूण आरोग्यखर्च देशाच्या जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचा शब्द दिलेला होता.

बाजार सरकारला घाबरतो, हे आपण करोनात पाहिलं. २१ मे २०२० च्या आदेशाने राज्याने खासगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधले: वॉर्डला दिवसाचे ४,०००, अतिदक्षतेला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. जिथे ऑडिटर नीट बसले तिथे जास्तीचे पैसे परत मिळाले. पीपीई किट त्या दरात धरलेलं नव्हतं, आणि मग कितीतरी बिलांत किटचीच ओळ फुगली. स्टेंटनंतरही हेच झाल्याचं माझा सर्जन मित्र सांगतो: एक ओळ दाबली की शेजारची वर येते.

पण त्या वर्षातलं मला जास्त आठवतं ते वेगळंच. आमच्या सिव्हिलच्या ऑक्सिजनच्या खाटांवर तहसील कचेरीतले साहेब होते, माझ्या कॉलेजचे उपप्राचार्य होते, हमाल होते, ऊसतोड मजूर होते, सगळे शेजारी शेजारी. खासगीत जागाच नव्हती. आणि त्याच महिन्यांत तिथले संडास दिवसातून तीनदा धुतले जात होते, जिल्हाधिकारी स्वतः वॉर्डात फिरत होते, लिक्विड ऑक्सिजनची टाकी बसली. निवृत्त झालेली आई हेल्पलाइनवर फोन घ्यायला गेली होती. घरी येऊन म्हणाली, "साहेबांची माणसं ॲडमिट आहेत ना, म्हणून पाणी येतंय."

बाजाराला मी शत्रू मानत नाही. घेणारा जाणकार आणि ताकदवान असला की हाच बाजार किती नमतो, याचीही उदाहरणं आपल्याकडे आहेत. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. औषधाचं मूळ नाव घेऊन टेंडर, दर्जाची तपासणी, प्रत्येक दवाखान्याला पासबुक, त्यातून लागेल तसं औषध उचलायचं. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या कॅन्सर रुग्णालयांनी एकत्र येऊन ४० औषधांची खरेदी केली तेव्हा किमती २३ पासून ९९ टक्क्यांपर्यंत खाली आल्या. औषधं तीच, कंपन्याही बाजारातल्याच. फक्त समोर कॅथलॅबच्या दाराशी उभी असलेली, घाबरलेली मुलगी नव्हती. महाराष्ट्रात औषध खरेदीचं हे काम आधी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होतं, २०२३ च्या कायद्याने त्यासाठी प्राधिकरण झालं. ते तमिळनाडूसारखं चालावं म्हणून कोणी देव पाण्यात घालून बसलं असेल तर मी त्यांच्याबरोबर आहे.

गेल्या हिवाळ्यात आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. मी तिला एका खासगी डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काउन्सेलर मुलीने लॅमिनेट केलेला कागद पुढे केला. लेन्सचे पाच प्रकार, पाच दर, सगळ्यात वरचा खालच्याच्या पाचपट. मुलगी गोड होती, पाठ केलेलं सुरेख म्हणत होती. आईने विचारलं, "सगळ्यात खालच्या लेन्सने मला पेपर वाचता येईल का?" मुलगी म्हणाली, "चष्म्याने येईल, आजी. पण वरच्याची क्वालिटी ऑफ लाइफ वेगळी." आईने कागद परत दिला. बाहेर आल्यावर म्हणाली, "सिव्हिलला करू."

मी वाद घातला. इन्फेक्शन, गर्दी, पथ्य. ती म्हणाली, "तिथल्या मॅडमचा हात मी विचारून आलेय. रोज करतात. आणि तुझ्या अण्णांच्या वेळी सिव्हिलवरून पुढं गेले ते तिथं यंत्र नव्हतं म्हणून. डोळ्याचं यंत्र आहे."

ऑपरेशन झालं. एक रात्र राहावं लागलं. वॉर्डात बारा बायका, बाराजणींच्या एकेका डोळ्यावर पट्टी. शेजारच्या खाटेवर वाडीवरच्या एक आजी होत्या, सोबत कोणी नव्हतं. त्यांचंही जेवण मी वाढून दिलं. चादरी स्वच्छ होत्या, सिस्टर दोनच होत्या आणि त्या रात्रभर पळत होत्या. संडासात दिवा होता, नळाला पाणी नव्हतं. बायका बाहेरच्या पिंपातून तांब्याने पाणी नेत होत्या, एका डोळ्याने अंदाज घेत, भिंत धरून. पहाटे त्यातली एक पाय घसरून बसली. लागलं नाही फारसं.

सकाळी पट्टी निघाली, मॅडमनी टॉर्च मारून बघितलं, छान म्हणाल्या. डिस्चार्जचा कागद हातात आला. मी पिशवी उचलली. आई खाटेवरून हलली नाही.

"सिस्टर, तक्रारवही कुठंय?" तिने विचारलं.

तरुण सिस्टर गोंधळली. मग टेबलाच्या खालच्या खणातून तिने वही काढली. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची होती. आईने काळा चष्मा सारखा केला, वही माझ्या मांडीवर ठेवली आणि पेन माझ्या हातात दिलं.

"लिही. तारीख घाल वर. स्त्री नेत्र विभाग, संडास, नळाला पाणी नाही. आणि खाली माझं नाव घाल, हुद्दा घाल, निवृत्त अधिपरिचारिका. या आजींचं नाव विचार, त्यांचंही घाल."

आजींनी आधी डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग पूर्ण नाव सांगितलं, वाडीच्या नावासकट.